अक्षय तृतीयेचे झेंडू

जे देशासाठी गेले त्यांच्या पायाशी फुलं फुलवणं, याहून निःस्वार्थ काम माणसाच्या हातून होत नाही. आमच्या मराठी मंडळाला हे काम मिळालं तेव्हा कार्यकारिणीत पहिला प्रश्न आला तो पाटी केवढी लावता येईल, हा. दुसरा, पाटीवरचं बोधचिन्ह रंगीत चालेल का. फुलं कुठली लावायची हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत ढकलला गेला, आणि तेवढ्यात चहा आला.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या आमच्या बाजूला माजी सैनिकांचं एक स्मारक आहे. काळ्या दगडाची अर्धगोल भिंत, तिच्यावर नावं, मध्ये ध्वजस्तंभ आणि भिंतीच्या पायथ्याशी फुलांचे वाफे. वाफे गावातल्या संस्थांनी दत्तक घ्यायचे अशी इथली पद्धत. आमच्या एका बाजूला चर्चचा वाफा, दुसऱ्या बाजूला एका दातांच्या दवाखान्याचा. दवाखान्याची पाटी आमच्यापेक्षा मोठी होती. हे शल्य आमच्या अध्यक्षांना शेवटपर्यंत राहिलं.

मी तिथे सेवाभावाने गेले असं म्हणणं खोटं होईल. त्या वसंतात मला कुठेच बसवत नव्हतं. धाकटाही कॉलेजला गेला होता, घर नको इतकं आवरलेलं राहायला लागलं होतं, आणि ऑफिसात दर सोमवारी 'येत्या काही महिन्यांतले बदल' अशा विषयाचं पत्र यायचं, ज्यात बदल कुठला ते कधीच नसायचं. पुस्तक उघडलं की दोन पानांनी मी उठून फ्रिज उघडायची. त्यात मिशिगनचा एप्रिल. सकाळी हिटर, दुपारी एसी, संध्याकाळी गारा. अशा दिवसांत हातात खुरपं असलेलं बरं, एवढाच माझा त्याग.

खरा जीव त्या वाफ्यात काकांचा अडकला होता.

काका आमच्याच वसाहतीतले. साताऱ्याकडचे, सत्तरीला आलेले. चाळीस वर्षं ट्रकचे गिअरबॉक्स डिझाइन करून निवृत्त झाले, आणि काकूंच्या म्हणण्यानुसार तेव्हापासून घरातल्या मिक्सरचं डिझाइन सुधारत होते. काकांचे वडील फौजेत सुभेदार होते. त्यांनी घरात एकच नियम केला होता, की मुलांपैकी कुणी फौजेत जायचं नाही. काकांनी तो पाळला. त्यांच्या मुलीने मोडला, तोही दुसऱ्या देशाच्या फौजेत जाऊन. मुलगी इथेच जन्मलेली. इंजिनिअरिंग अर्धं टाकून तिने सैन्यात नाव घातलं. ट्रक दुरुस्तीच्या तुकडीत, दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यात. त्या वेळी काका तिला एवढंच म्हणाले, "यासाठी आम्ही इथे आलो नव्हतो." ती म्हणाली, "पण मी इथेच होते." त्यानंतर दोन वर्षं बापलेक फोनवर फक्त हवेबद्दल बोलत होते.

"तिकडे काय म्हणते हवा?"

"हॉट आहे, बाबा. तिकडे?"

"इथे बरी आहे. घे, आईशी बोल."

काकूंनी मला ही संभाषणं इतक्या वेळा करून दाखवली होती की दोघांचं खाकरणंसुद्धा मला पाठ झालं होतं.

तर त्या वर्षी मुलगी मेमोरियल डेच्या, म्हणजे मेच्या शेवटच्या सोमवारी शहीद सैनिकांसाठी असते त्या सुट्टीला घरी यायची होती, दोन वर्षांत पहिल्यांदा. येईन म्हणाली नव्हती, बहुतेक येईन म्हणाली होती. त्या 'बहुतेक'ने काकांना पछाडलं. तोंडाने बोलता येत नाही ते वाफ्याने बोलायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. ते कुणाला तसं म्हणाले नाहीत. पण मंडळाच्या ग्रुपवर ज्या माणसाने दिवाळीच्या शुभेच्छांनाही कधी अंगठा पाठवला नव्हता, तो रोज मातीचे फोटो टाकायला लागला. वर ओळ: 'आज निचरा समाधानकारक.'

रोपं काकूंची. दसऱ्याच्या तोरणाचे झेंडू सुकवून त्यांनी बी धरलं होतं आणि फेब्रुवारीपासून बेसमेंटमध्ये दह्याच्या रिकाम्या डब्यांत रोपं वाढवली होती. मराठी घरात अमेरिकेत दुसरं काही जमलं नाही तरी दह्याचे डबे जमतात. भिंतीशी टेबल, वर ट्यूबलाइट, आणि ओळीने सगळे पांढरे डबे. एखादी प्रयोगशाळा कढी करण्यासाठी काढावी तसं ते दिसायचं.

आता सगळ्या वाफ्यांवर देखरेख एका बाईंची होती. त्या स्वतः सैन्यातून निवृत्त झालेल्या, म्हणून आम्ही आपसांत त्यांना सार्जंटबाई म्हणायचो. त्यांचा एकच हुकूम असे. मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी लागवड करायची, त्याआधी कोवळं काही जमिनीत घालायचं नाही. इथे मेच्या मध्यापर्यंत दंव पडतं. काकांना हे माहीत होतं. चाळीस वर्षं ते इथे गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत आले होते. पण शनिवारी लावायचं आणि सोमवारी दाखवायचं, म्हणजे वाफा ताज्या रोपांची रांग दिसणार. काकांना तो भरलेला, दाटलेला हवा होता. रोपांना महिना मिळायला हवा होता. आणि एप्रिलच्या शेवटी अक्षय तृतीया होती.

"साडेतीन मुहूर्तांतला एक," काका मला म्हणाले. "आमच्याकडे त्या दिवशी आळी करून वेल लावायचे. दोडका, भोपळा, काहीही. लावलं की लागलंच."

"ते साताऱ्यात, काका."

"जमीन जमीनच असते, गं."

इंजिनिअर माणूस, आयुष्यभर प्रत्येक बोल्टची चाचणी घेतलेला, आणि एवढ्या एका बाबतीत त्याने पंचांगावर भिस्त ठेवली. मी हटकलं नाही. मलाही काहीतरी घडायला हवं होतं. सार्जंटबाई अजून फ्लोरिडात होत्या, बहिणीकडे. विचारायला कुणी नव्हतं आणि आम्ही विचारणारही नव्हतो.

ऑफिसच्या आधी, सकाळी, आम्ही सातआठ जण जमलो. काकांनी प्रत्येक रोपाला छोटं आळं केलं, घरी आई करायची तसं. अध्यक्ष नारळ घेऊन आले. नारळ कशावर फोडायचा यावर सगळे इकडेतिकडे बघायला लागले, कारण स्मारकात दगड एकच होता आणि त्याच्यावर नावं होती. शेवटी आम्ही सगळे पार्किंगमध्ये गेलो आणि अपंगांसाठी राखून ठेवलेल्या जागेच्या कठड्यावर नारळ वाढवला. अध्यक्षांनी तिथेच चार शब्द बोलून घेतले. दोन संस्कृती, एक माती, अशा स्वरूपाचे. तोवर अर्धी वाटी एका खारीने नेली. अध्यक्षांनी तिलाही निसर्गाचा आशीर्वाद म्हटलं. प्रसंग दिसला की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

पहिला आठवडा छान गेला. काका रोज दोनदा वाफ्यावर. गाडी लावायचे, उतरायचे, वाकून बघायचे, पुन्हा गाडीत बसायचे, गाडी सुरू करायचे, बंद करून पुन्हा उतरायचे. ऑफिसातून येताना मी त्यांना तसं करताना पाहायची आणि मलाही उगीच थांबावंसं वाटायचं. रोपांनी कळ्या धरल्या होत्या. काकांनी मुलीला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला. तो अंगठा काकांनी मला दाखवला, मग काकूंना, मग पुन्हा मला.

आणि मेच्या पहिल्याच आठवड्यात दंव पडलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी टीव्हीवर सांगत होते, फोनवर पट्टी येत होती. चर्चच्या वाफ्यात काही नव्हतं, दातांच्या वाफ्यात काही नव्हतं. अख्ख्या स्मारकात हिरवं म्हणाल तर आमचंच. जुन्या चादरी टाकून झाकली असती तरी रोपं वाचली असती. पण काकांना पत्ताच नव्हता. सकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा सगळी रोपं काळपट होऊन, मुरगळून जमिनीला टेकली होती. कुकरला चार शिट्ट्या जास्त झालेल्या मेथीसारखी.

काका आळ्यांकडे बघत होते. आळी शाबूत होती.

"फोन बघायचा ना काल!" काकू म्हणाल्या. "सारखा तर हातात असतो."

"बघितला होता."

"मग?"

काकूंनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि हवामानाचं पान मला दाखवलं. वर जॉर्जियातल्या त्या लष्करी तळाच्या गावाचं नाव. निरभ्र आकाश, पंचवीस अंश. आमचं गाव त्याच्या खाली, बोट सरकवलं तर दिसणारं.

"दोन वर्षं हेच," काकू म्हणाल्या. "इथे बर्फ पडत असतो आणि हे मला सांगतात, आज पावसाची शक्यता आहे, छत्री ने."

बोलण्यासारखं होतं ते काकूंचं बोलून झालं होतं, आणि आता त्या पदराने नाही, तर ग्लोव्हच्या पाठीने नाक पुसत होत्या.

सार्जंटबाई परतल्या त्या थेट आमच्या वाफ्याशी. कमरेवर हात ठेवून त्यांनी ते काळं बघितलं.

"कुणी सांगितलं लावायला?"

"आमच्याकडे तो शुभ दिवस होता," काका म्हणाले.

"कुणासाठी?"

बाईंनी बुटाने एक आळं चाचपलं. "ठीक आहे. पहिल्या वर्षी आम्ही ईस्टरला लावलं होतं. पाद्री बरोबर होता. तिसऱ्या दिवशी सहा इंच बर्फ. पाद्री म्हणाला, यात काही अर्थ असेल. अजून शोधतोय." मग काकांकडे वळून, "एवढी घाई कसली होती?"

तेव्हा काकांनी पहिल्यांदा कुणाला तरी सरळ सांगितलं. माझी मुलगी सैन्यात आहे. ती येणार आहे. तिला हे दिसायला हवं.

बाईंनी कमरेवरचे हात काढले. "पोस्टिंग कुठे?"

"जॉर्जिया."

"रजा मंजूर झालीय?"

"बहुतेक."

"हं," बाई म्हणाल्या. त्या 'बहुतेक'चा अर्थ त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत असावा. "शनिवारी पुन्हा लावू."

अध्यक्षांची अडचण वेगळी होती. त्यांनी कळ्या धरलेल्या वाफ्याचा फोटो घालून निमंत्रणं आधीच धाडली होती, आणि काकांची मुलगी येणार हे कळल्यापासून भाषणात एक परिच्छेद वाढवला होता. मीटिंगमध्ये त्यांनी तोडगा मांडला.

"गणपतीच्या मखराचे झेंडू आहेत की स्टोरेजमध्ये. दोन खोकी. प्लॅस्टिकचे आहेत, पण एकदम फर्स्ट क्लास. लांबून कळणार पण नाही."

"ती लांबून बघायला येत नाहीये," काका म्हणाले.

मीटिंग तिथेच संपली. चहासुद्धा झाला नाही.

मेमोरियल डेच्या आधीच्या शनिवारी पाऊस होता. जोराचा नाही, पण गार आणि चिवट. सकाळपासून ग्रुपवर 'कॅन्सल आहे का?', 'रेन असेल तर प्लीज अपडेट करा', 'यार, आज पॉसिबल नाही' असं चाललं होतं. राष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांविषयी आदर असलेल्या त्या ग्रुपमधून प्रत्यक्ष आलो आम्ही चौघं: काका, काकू, मी आणि सार्जंटबाई, ज्या ग्रुपवर नव्हत्याच. नर्सरीत आम्ही पोहोचेपर्यंत चांगली रोपं संपली होती. उरलेली पेटुनिया आणि कुणी न घेतलेले जिरेनियम मिळाले. शिवाय काकूंनी बेसमेंटमधून दह्याचे आठदहा डबे आणले. त्यांत लांब मानेची, फिकट झेंडूची रोपं होती.

"ही कुठून आली?" काका चकित.

"मागे ठेवली होती. मरतुकडी होती म्हणून," काकू म्हणाल्या. "आणि तुमचा मुहूर्त होता म्हणून."

आम्ही चिखलात गुडघे टेकून बसलो. काका दर दोन मिनिटांनी उठून रस्त्याकडे बघत होते. मुलगी आदल्या दुपारी निघाली होती, वाटेत कुठेतरी थोडी झोपली होती, ओहायोत असल्याचा शेवटचा निरोप होता. रोप लाव, उठ, बघ, बस. गाडीचं दार वाजलं की खुरपं खाली. दोनदा कुणीतरी भलतंच निघालं, कुत्रा फिरवायला आलेलं. माझंही तेच व्हायला लागलं. मला मुलगी नाही, पण त्या दिवशी प्रत्येक गाडीकडे मी मुलीच्या बापासारखी बघत होते.

ती आली तेव्हा नेमके काका खाली वाकलेले होते. ट्रॅकपँट, भिजलेलं हूडी, केस कानांपर्यंत कापलेले. काकूंना तिने मिठी मारली, त्यांच्या मातीच्या हातांसकट. मग ती काकांच्या शेजारी उकिडवी बसली.

काका म्हणाले, "हवा कशी होती वाटेत?"

"रेन. ओहायोत फार."

"हं. इथेही आहे."

"दिसतंय, बाबा."

मग तिने त्यांच्या हाताखालचं रोप उपसलं. "यू आर प्लांटिंग देम टू डीप. खोड कुजेल."

"तुला काय माहीत?"

"दोन वर्षं सरावात मी खड्डेच खणते. आय नो डीप."

सार्जंटबाई पलीकडून खोकल्यासारखं हसल्या. मुलीने न विचारता ओळच्या ओळ ताब्यात घेतली. खड्डा, रोप, मूठभर माती, दाब, पुढे. काका तिच्या मागून पाणी घालत सरकत होते. आणि मध्येच ती, जणू तासभर आधीपासून हेच बोलत असल्यासारखी, म्हणाली, "बाबा, आमच्या ट्रकच्या गिअरबॉक्सचे ते मागचे बोल्ट कोणी डिझाइन केलेत? हातच जात नाही. मनगट उलटं करावं लागतं. आमच्या शॉपमध्ये सगळे त्या माणसाला रोज शिव्या देतात."

काकांचा झारीचा हात थांबला. "कुठले? डावीकडचे दोन?"

"हो!"

"तिथे हात जायला जागा ठेवली होती आम्ही," काका म्हणाले. "मी ड्रॉइंगमध्ये ठेवली होती. कॉस्टिंगवाल्यांनी काढली."

"सीरियसली? ते तू होतास?"

"जागा ठेवणारा मी. काढणारे ते."

"मग मी शॉपमध्ये सांगते."

"सांग," काका म्हणाले. "नीट सांग. डावीकडचे दोन."

त्यानंतर पाऊस पडत राहिला आणि ती दोघं बोल्टबद्दल बोलत राहिली. कुठला पाना चालतो, कुठला चालत नाही, तेलाचा सील आधी का फुटतो. काका चिखलात बोटाने आकृती काढून दाखवत होते आणि पावसाने ती पुसली की पुन्हा काढत होते. पेटुनिया मी आणि काकूंनी संपवल्या. वाफा झाला तेव्हा तो अगदी विरळ दिसत होता; रोपांमधल्या जागाच जास्त. मुलगी उभी राहून म्हणाली, "लुक्स ओके." काकांनी मान हलवली. मग ते तिघं घरी गेले. काकू म्हणाल्या, रविवारी दिवसभर आणि रात्रीही उशिरापर्यंत दोघं गॅरेजमध्ये होती, काकांची जुनी ड्रॉइंग्ज काढून. जेवायला हाका मारल्या तर "आलो आलो" म्हणत होती आणि येत नव्हती.

सोमवारी मेमोरियल डेचा समारंभ. ऊन पडलं होतं. खुर्च्या, छोटे झेंडे, बँड. बिगुल वाजवणाऱ्या माणसाचे गाल फुगत नव्हते, म्हणून मी नीट बघितलं. बिगुलात एक छोटं यंत्र बसवलेलं होतं. ते बटणावर वाजतं, माणसाने फक्त ओठांना लावून उभं राहायचं. सार्जंटबाई म्हणाल्या, खरे वाजवणारे आता पुरत नाहीत. हे मला सगळ्या भाषणांपेक्षा जास्त लागलं.

काका आले ते एकटेच. इस्त्रीचा शर्ट, पण कॉलर उलटी. काकू घरी होत्या.

अध्यक्ष धावत आले. "काका, कन्या कुठेय? मी स्टेजवर बोलावणार आहे तिला!"

"झोपलीय."

"झोपलीय? अहो, उठवायचं ना!"

"नाही उठवलं."

"अहो पण, तिच्यावर पूर्ण पॅराग्राफ आहे! यूनिफॉर्म आणलाय ना? दहा मिनिटांत..."

"यूनिफॉर्म वॉशिंग मशीनमध्ये आहे," काका म्हणाले.

अध्यक्ष माझ्याकडे मदतीसाठी बघायला लागले. मी वाफ्याकडे बघितलं. सार्जंटबाईंना काय चाललंय ते भाषा न कळताही कळलं असावं. त्यांनी शेजारची खुर्ची काकांसाठी ओढली. काका बसले. त्या दोन महिन्यांत मी त्यांना निवांत बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं. फोन खिशातच होता.

अध्यक्षांना परिच्छेद गाळता आला नाही. छापलेलं भाषण गाळण्याइतकं धैर्य सार्वजनिक माणसाकडे नसतं. त्यांनी चष्मा लावला, तिच्यासाठी राखलेल्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आपण सगळे निश्चिंत झोपतो, कारण आपली ही कन्या सीमेवर आपल्यासाठी जागी असते." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

"सीमेवर नाही, वर्कशॉपमध्ये," काका माझ्या कानाशी म्हणाले, आणि तेही उभे राहिले.

ती दुपारी एक वाजता उठली.